अपत्यांचा रकाना

व्हिसाच्या फोटोत हसायचं नसतं. एवढी साधी गोष्ट, पण माणसं ऐकतील तर शपथ. एरवी ज्यांच्या तोंडावरची माशी उडत नाही, तीसुद्धा माझ्या दुकानातल्या पांढऱ्या पडद्यासमोर स्टुलावर बसली की दात काढतात. "ओठ मिटा. कान दिसू द्या. चष्मा काढा. हनुवटी जरा खाली. हलू नका." दिवसातून तीस-चाळीस वेळा माझी ही आरती चालते. व्हिसा केंद्राच्या बरोबर समोर माझं झेरॉक्सचं आणि फोटोचं दुकान आहे. झेरॉक्स, फोटो, लॅमिनेशन, फॉर्म भरून मिळतील, असं पाटीवर लिहिलंय. अक्कल मिळेल असं लिहिलेलं नाही, पण लोक तीही मागायला येतात.

सगळ्यांत जास्त येतात ते आईबाप. मुलगा नाहीतर मुलगी परदेशात, आणि हे दोघं भेटायला निघालेले. प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये मुलाचं निमंत्रणपत्र, आणि ते असं छातीशी धरलेलं, की राजवाड्यातूनच आलंय. त्यांना मी पहिला प्रश्न विचारते, "इथे मागे कोण आहे?" कारण तिकडचा साहेब कागदात हेच शोधत असतो. तुम्ही कशाला येताय याचं त्याला सोयरसुतक नसतं. तुम्ही परत का जाल, हे त्याला बघायचं असतं. घर असेल तर लिहा, पेन्शन असेल तर लिहा, आणि इथे राहणारं पोटचं पोर असेल तर ते सगळ्यांत आधी लिहा. हे मी इतक्यांना इतक्या वेळा सांगितलंय की शेजारच्या किल्ल्या बनवणाऱ्यालाही ते पाठ झालंय.

माझ्या घरच्यांना तेवढं सांगायचं राहिलं. राहिलं म्हणजे, मी सांगितलं नाही.

भावाचा फोन रविवारी सकाळी येतो. आई त्याला राजा म्हणते, जन्मला त्या दिवसापासून. मी त्याच्याहून चार वर्षांनी मोठी, आणि मला ती "अगं" म्हणते. तर हे आमचे राजे अकरा वर्षांपूर्वी परदेशी गेले, तिकडेच कायमचे झाले, तिकडेच लग्न केलं. मुलगा आता सहा वर्षांचा आहे. या सहा वर्षांत आईबाबांना बोलवायचं काही जमलं नव्हतं. कधी घर लहान होतं, कधी घर बदलायचं होतं, कधी बायकोच्या परीक्षा होत्या, कधी थंडी फार होती. तिथे थंडी दर वर्षी पडते हे त्याला दर वर्षी नव्याने कळायचं.

यंदा बोलावणं आलं ते आईच्या डोळ्यांमुळे. तिचा उजवा डोळा गेल्यात जमा आहे आणि डाव्यात मधोमध डाग पसरत चाललाय. कडेचं सगळं दिसतं, पण जिथे बघावं तिथेच नेमकं काही नसतं. माणूस दिसतो, त्याचा चेहरा नाही. त्यामुळे कोणाला नीट बघायचं असलं की ती मान वळवून भलतीकडे बघते आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून त्या माणसाला पकडते. नवख्याला वाटतं, म्हातारी रागावून तोंड फिरवून बसलीय. डॉक्टर म्हणाले, "सहा महिने, फार तर आठ. मग कडेचंही धूसर होत जाईल."

आईने हे शांतपणे ऐकून घेतलं आणि पुढच्या रविवारी फोनवर म्हणाली, "राजा, मला तुझ्या पोराचं तोंड हातात धरून बघायचंय. फोनमध्ये तो एवढासा दिसतो आणि सारखा हलतो. एकदा जवळून बघते, मग नाही दिसलं तरी चालेल." माझ्या आठवणीत आईने स्वतःसाठी काही मागितलं ते हे पहिलंच. राजांनाही नाही म्हणता येईना.

नाही म्हणता येईना, म्हणून काम मला लावलं. उंटावरून शेळ्या हाकायची त्याची सवय जुनीच आहे. आधी निमंत्रणपत्र आलं. त्यात आईबाबा 'माझे परमपूज्य मातापिता' होते आणि हा 'त्यांच्या सेवेस आतुर पुत्र' होता. हा आतुर पुत्र गेल्या वर्षी बाबांच्या हर्नियाच्या ऑपरेशनच्या दिवशी कुठेसा बर्फात घसरायला गेला होता, फोटो मी बघितलेत. पत्रामागोमाग यादी आली. यादीत सव्वीस कागद, आणि सव्वीसच्या सव्वीस कागदांपुढे एकच शब्द: ताई.

"आणि ताई, एक बारीकशी गोष्ट," फोन ठेवता ठेवता तो म्हणाला. त्याचा आवाज मऊ झाला की मी सावध होते. "बाकीचा अर्ज कॉम्प्युटरवर भरायचाय, पण कुटुंबाच्या माहितीचा कागद छापून हाताने भरायचा असतो ना, त्यात अपत्यांचा रकाना आहे. तिथे फक्त माझं नाव टाक."

"आणि माझं?"

"तेच ना. मी इथे यायला अर्ज केला होता तेव्हा त्यात भावंडांचा रकाना होता. त्यात कोणी नाहीये."

"कोणी नाहीये म्हणजे?"

"म्हणजे कागदावर मी एकुलता एक आहे. तू मनाला लावून घेऊ नकोस हं, टेक्निकल आहे सगळं. आता आईबाबांच्या कागदावर दोन मुलं आली की हे लोक लगेच माझ्या फाइलशी जुळवणार. माझं नागरिकत्व यंदा व्हायचंय. उगाच मी खोटं बोललो असं होईल."

"बोललायस की खोटं."

"ताई, प्लीज. आईच्या डोळ्यांचा तरी विचार कर."

बघा! चोर तो चोर, वर शिरजोर. बारा वर्षं आईच्या डोळ्यांत थेंब मी घालते, आणि डोळ्यांचा विचार मी करायचा.

मग सगळं नीट 'जुळावं' म्हणून त्याने आपला तो जुना अर्ज स्कॅन करून पाठवला. एक पान हवं होतं, बेचाळीस पाठवली. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा मी ती छापायला लावली आणि एकेक पान निघेल तसा त्याचा उद्धार करत उभी राहिले. लहानपणी याची पाटी मी पुसून द्यायची, याची पुस्तकं मी कव्हर घालून द्यायची, आणि मोठा होऊन याने मलाच पुसलं. सहावं पान निघालं. वर 'भावंडं' आणि खाली चार रिकाम्या ओळी. त्या चारही ओळींवरून, डाव्या वरच्या कोपऱ्यापासून उजव्या खालच्या कोपऱ्यापर्यंत, एक तिरकी रेघ. पट्टीने मारलेली, शाईची, दोन्ही टोकांना छोटी आडवी काट.

माझ्या भावाला उभ्या आयुष्यात सरळ रेघ मारता आलेली नाही. ती रेघ बाबांची होती.

बाबा जन्म-मृत्यू नोंदणीच्या कचेरीत हेडक्लार्क होते. पस्तीस वर्षं. अक्षर असं की लोक दाखल्याची फ्रेम करून लावायचे. आणि नियम एकच, तो आम्हाला बाराखडीच्या आधी शिकवलेला: रिकामा रकाना म्हणजे उघडं दार, मागाहून कोणीही येईल आणि काहीही लिहून जाईल. म्हणून लिहायचं नसेल तर रेघ मारून बंद करायचा. रिटायर होऊन इतकी वर्षं झाली तरी सहा इंची स्टीलची पट्टी त्यांच्या शर्टाच्या खिशात असते. राजांचे सगळे फॉर्म, शाळेपासून परदेशापर्यंत, तेच भरत. राजे फक्त "सही कुठे?" एवढं विचारत.

म्हणजे मी इतका वेळ ज्याला शिव्या घालत होते तो नुसता सह्याजीराव. मला खाली बसावंसं वाटलं. दुकानात बसायला गिऱ्हाइकाचं तेवढं स्टूल आहे, पांढऱ्या पडद्यासमोरचं. त्यावर बसले. हसू नका, असं कोणी सांगायची गरज नव्हती.

संध्याकाळी घरी जाऊन ते पान जेवणाच्या टेबलावर बाबांपुढे ठेवलं. आई पलीकडे बसून लोकर गुंडाळत होती, नातवाच्या स्वेटरची.

"बाबा, ही रेघ कोणाची?"

त्यांनी चष्मा पुसला, कागद हातभर लांब धरला, आणि खोटं सांगत नाही, आधी रेघ सरळ आलीय का ते बघितलं.

"माझी," म्हणाले.

"का?"

"तेव्हा तुझा निकाल लागायचा होता." लग्न करून मी गेले होते आणि पाच महिन्यांत परत आले होते. ते प्रकरण तेव्हा कोर्टात लोंबकळत होतं. "भावंडाच्या नावापुढे वैवाहिक स्थिती लिहायची होती. चौकटी चारच. अविवाहित, विवाहित, घटस्फोटित, विधवा. तू एकीतही बसत नव्हतीस."

"म्हणून मला काढूनच टाकलं?"

"चुकीची नोंद करण्यापेक्षा नोंद न केलेली बरी," बाबा म्हणाले. "आणि रकाना उघडा ठेवायचा नसतो."

ऐकलंत? गावभरच्या लोकांची पोरं जन्मली की हा माणूस वेळ, वार, वजन विचारून नोंद करायचा. कोणाचं नाव ठरलेलं नसलं तर आईबापांना तीन-तीन वेळा कचेरीत बोलवायचा, पण पोर वहीत आणल्याशिवाय राहायचा नाही. आणि स्वतःची पोर चौकटीत मावेना तर पट्टी काढून मोकळा.

"निकाल लागून दहा वर्षं झाली, बाबा. आता बसते मी. तिसऱ्या चौकटीत अगदी फिट्ट बसते."

"आता जुळलं पाहिजे," ते म्हणाले.

"आई, तुला माहीत होतं हे?"

"मला मेलीला फॉर्ममधलं काय कळतंय," आई म्हणाली. "तुझे बाबा बरोबरच लिहितात." मग लोकरीचा गुंडा हातात फिरवत म्हणाली, "जाऊ दे ना गं. कागदच तर आहे. तू काय पुसली जाणारेस का त्याने?"

आता नीट ऐका, कारण इथे मी जे केलं ते मला लपवायचं नाही.

हे निस्तरायला एक पानाचं पत्र पुरलं असतं. तेव्हा बहिणीचं नाव राहून गेलं, चूक झाली, ही तिची माहिती, ती इथे आमच्यासोबत राहते. आपण होऊन कबूल केलेली चूक साहेब लोक पोटात घालतात, पकडलेली घालत नाहीत. अशी पत्रं मी गिऱ्हाइकांना डझनाने लिहून दिलीत. आणि त्यांच्या मनासारखा अर्ज केला तर काय होणार हेही मला दिसत होतं. एकुलता एक मुलगा तिकडे, इकडे मागे कोणी नाही, दोघं सत्तरी ओलांडलेले. असा अर्ज दुकानात आला असता तर मी तो काउंटरवरूनच परत केला असता. अहो, परत कशाला येतील ही माणसं? कोणासाठी? साहेब हेच विचारणार, आणि नाही म्हणणार.

त्यांनी एवढंच विचारायचं होतं, "तुझा रोजचा धंदा आहे, तुला काय वाटतं?" नाही विचारलं. राजा म्हणतोय, बाबांना कळतं, ताई झेरॉक्स काढेल. बरं. काढते झेरॉक्स. मी मूग गिळून बसले. आणि आईच्या डोळ्यांचं काय, असं तुम्ही विचाराल. विचारा, मीही स्वतःला रोज विचारत होते. पण मला वाटत होतं, शेवटच्या घटकेला कोणीतरी माझं नाव घेईल. आई घेईल, नाहीतर बाबांचा हात थांबेल. ते झालं की लगेच पत्र टाइप करायचं, असं मी ठरवून ठेवलं होतं.

आईचा फोटो काढायला अर्धा तास लागला. "सरळ कॅमेऱ्याकडे बघ."

"बघतेय की. तू कुठेयस?"

"समोर आहे, आई."

"समोर तर काहीच नाही गं."

तिला पडद्याजवळ धरून, हनुवटी माझ्या हाताने सरळ करून, अकराव्यांदा फोटो बरा आला. त्यात ती एखाद्या बंद दाराकडे बघावं तशी बघतेय.

बाकीचा अर्ज मी भरला. बँकेचे कागद, पेन्शनचे कागद, घराचे कागद, डॉक्टरांचं पत्र, सगळं क्रमाने लावलं. मग कुटुंबाच्या माहितीचा कागद बाबांपुढे सरकवला. "हा हाताने भरायचाय. तुम्हीच भरा."

अपत्यांच्या रकान्यात तीन ओळी होत्या. पहिल्या ओळीत बाबांनी राजाचं नाव, जन्मतारीख, पत्ता लिहिला. काय अक्षर! मग पेन दुसऱ्या ओळीवर गेलं आणि थांबलं. झेरॉक्सची वीस पानं सहज निघतील एवढा वेळ ते पेन तिथे होतं. मग बाबांनी ते खाली ठेवलं आणि खिशातून पट्टी काढली.

रेघ छान सरळ आली.

व्हिसा केंद्रात मला सगळे ओळखतात. दारातला वॉचमन म्हणाला, "काय फोटोवाल्या ताई, आज तुम्ही आत? आत फक्त अर्जदार आणि घरचे लोक सोडतात हं."

मी बाबांकडे बघितलं. बाबा फोल्डरमधल्या कागदांचे कोपरे जुळवत होते. "मी बाहेरच थांबते," मी म्हणाले, आणि बाकड्यावर जाऊन बसले. ज्याचे हजारो फॉर्म मी भरले त्या ऑफिसच्या बाहेरच्या बाकड्यावर मी त्या दिवशी पहिल्यांदा बसले. बाकडं डुगडुगतं. कोणी सांगितलं नव्हतं.

वीसेक मिनिटांनी काउंटरवरची मुलगी दार उघडून बाहेर आली. हातात आमचाच कागद. "त्या आजींचे ठसे मशीन घेत नाहीये. त्या म्हणतायत, माझ्या मुलीला बोलवा, ती बाहेर बसलीय, ती बरोबर करते. त्यांची मुलगी कोण?"

मी उठले. तेवढ्यात मागून बाबाही आले. काउंटरवरच्या मुलीने कागदावर बोट फिरवलं, रेघेपाशी थांबली. "पण यात तर एकच मुलगा आहे. मुलगी कुठेय?"

मी मनात म्हटलं, बोला बाबा. हीच ती शेवटची घटका. अजून कागद आत गेलेला नाही. एक शब्द बोला, समोर माझं दुकान आहे, दहा मिनिटांत पत्र तयार करून आणते.

"ती सगळ्यांनाच मुलगी म्हणते," बाबा म्हणाले. अगदी शांतपणे, कचेरीतल्या आवाजात. "वय झालंय तिचं. या बाई आमचे फॉर्म भरतात."

लाख नंबरी खोटं. आपल्यात रस्त्यावरची कोणीही बाई मावशी असते, रिक्षावाला काका असतो, मग म्हातारीने परक्या बाईला मुलगी म्हटलं तर कोण कशाला शंका घेईल? काउंटरवरची मुलगी हसली. "माझी आजीपण अशीच आहे. या ना ताई, तुम्हीच या जरा आत."

आत जाऊन मी रुमाल ओला केला आणि आईची बोटं एकेक पुसली. भांडी घासून, सुया टोचून तिच्या बोटांवरच्या रेषा झिजून गेल्यात. एकेक बोट काचेवर धरायचं, वरून आपल्या बोटाने दाबायचं, मशीनचा हिरवा दिवा लागेपर्यंत सोडायचं नाही. "ताई, तुमचं बोट काचेला लागू देऊ नका," मुलगी म्हणाली, "नाहीतर ते तुमचं घेईल." आईने मान वळवून भिंतीकडे बघितलं, म्हणजे माझ्याकडे. "बाहेर काय झालं गं? एवढा वेळ का लागला?"

"काही नाही. दाब."

दहाही बोटांना हिरवा दिवा लागला आणि मी दुकानात निघून आले.

निकालाला पाच आठवडे लागले. तेवढ्या काळात आईने स्वेटर पुरा केला, सगळा हाताच्या अंदाजाने. फोनवर नातवाला फ्रिजला टेकून उभं केलं होतं आणि "कितव्या कप्प्याला डोकं लागतंय?" असं विचारून तिने माप घेतलं. बॅग दाराशी आणून ठेवली. रोज ती उघडायची, स्वेटर चाचपायची, परत ठेवायची. मी कामाला जाताना त्या बॅगेला वळसा घालून जायची. दोनदा मी दुकानात ते पत्र टाइप केलं. उशिरा का होईना, पाठवता आलं असतं. दोनदा पुसून टाकलं. दुसऱ्यांदा पुसताना मला माझीच किळस आली, पण पुसलं.

लिफाफा बाबांनी आणला. घरात येणारी सगळी सरकारी पत्रं मी वाचते, म्हणून त्यांनी तो न फोडता माझ्यासमोर ठेवला. पासपोर्ट दोन्ही कोरेच. सोबत एक पान. आई टेबलाशी स्वेटर मांडीवर घेऊन बसली.

मी वाचलं, "अर्जदारांचे एकमेव अपत्य आमच्या देशात कायमचे स्थायिक आहे. अर्जदार राहतात त्या देशात त्यांचे निकटचे कोणीही नातेवाईक नाही. सबब भेटीची मुदत संपल्यावर अर्जदार परत जातील, अशी माझी खात्री पटलेली नाही. अर्ज नामंजूर."

"पुन्हा वाच," बाबा म्हणाले.

मी पुन्हा वाचलं. माझ्या उजव्या हाताशी आईच्या थेंबांची बाटली होती, डाव्या हाताशी बाबांच्या गोळ्यांचा डबा. 'त्यांचे निकटचे कोणीही नातेवाईक नाही.' आवाज माझाच होता.

राजांचा फोन आला. स्पीकरवर टाकला. "ताई, हरकत नाही, आपण नवा अर्ज करू. आता तुझं नाव टाकूया! घटस्फोटित मुलगी, त्यांच्यावर अवलंबून, म्हणजे ते परत येणारच. एकदम स्ट्राँग केस."

"आणि तुझं नागरिकत्व?"

"ते झालं की गेल्या आठवड्यात. तुला सांगायचं राहिलं वाटतं."

एरवी मी त्याला उभा आडवा सोलला असता. त्या दिवशी जीव नव्हता. मी फक्त सांगितलं की आता बाबांच्या सहीचे दोन कागद होणार, एकावर एक मूल आणि दुसऱ्यावर दोन. यातला खोटा कुठला हे ठरवायला साहेबाला वर्ष लागेल. आईच्या डोळ्यांकडे वर्ष नव्हतं. राजा "बघू" म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

"कागद तर बरोबर भरला होता," बाबा म्हणाले. पट्टी त्यांच्या हातात होती, ती त्यांनी टेबलाच्या कडेला समांतर ठेवली.

आई स्वेटरच्या बाह्या घडी घालत होती. घालून झाल्या. मग म्हणाली, "अगं, तुला ठाऊक होतं ना हे असं होणार?"

खोटं बोलता आलं असतं. पण घरात तेवढं बास झालं होतं.

"हो."

"पहिल्या दिवसापासून?"

"हो, आई."

"मग बोलली का नाहीस?"

"मला कोणी विचारलं?"

स्वेटर तिने टेबलावर ठेवला, बाबांच्या पट्टीशेजारी. बराच वेळ तिचा हात त्याच्यावर होता.

"शोभतेस हो," ती म्हणाली. "शोभतेस बापाची लेक."

बाबांनी मान खाली घातली. आईने तोंड फिरवलं आणि ती भिंतीकडे बघत राहिली. नवख्याला वाटलं असतं, तिला माझं तोंडही बघायचं नाही. ती मलाच बघत होती. मी ओठ मिटले, हनुवटी जरा खाली घेतली, आणि तिचं बघून होईपर्यंत हलले नाही.